समोरची भिडू

परवा भर दुपारी आमच्या गल्लीत टँकर आला. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. ड्रायव्हरनं समोरच्या बंगल्याच्या हौदात पाइप सोडला, फोनवर कुणाशी तरी बोलत सावली धरून उभा राहिला आणि हौद भरल्यावर पाइप गुंडाळून निघून गेला. बंगल्यातून कुणी बाहेर आलं नाही, कुणाला यावंही लागलं नाही. पाइप ओढला तिथं सिमेंटच्या रस्त्यावर ओलीची एक रेघ राहिली आणि मी खिडकीतून बघत होते तोवर ती वाळूनही गेली.

तापलेल्या सिमेंटवर पाणी पडलं की एक वास येतो. जरासा चुन्यासारखा, नाकात कोरडा लागणारा. लोकांना उन्हाळा म्हटलं की मोगरा आठवतो, वाळा आठवतो. मला हा वास आठवतो. आणि त्याच्यापाठोपाठ घामेजल्या हातांनी मऊ पडलेल्या पत्त्यांचा वास, शेजारी बसलेल्या नसीमआपांच्या सुपारीचा वास, आणि यमुनेच्या लुगड्याला येणारा मेंढरांचा वास. मेंढरं मागं राहून वर्ष झालं होतं, तरी लुगड्यातला वास गेलेला नव्हता.

आम्ही बायपासच्या पलीकडं, सातारा डोंगराच्या अंगाला राहायला गेलो तेव्हा त्या भागात घरं मोजकीच होती. घरांच्या मधून ज्वारीची रानं होती आणि रानांतून प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले होते. माझे मिस्टर वाळूजला कंपनीत, मी घरी शिवणकाम करायची. क्रांती चौकात जायचं म्हटलं तरी 'गावात चालले' म्हणायचो आम्ही. नळ अजून आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता. बोअर होतं, ते पहिल्या दुष्काळात आटलं. दुसऱ्या वर्षीही पाऊस झाला नाही आणि मग उन्हाळा लागताच टँकर सुरू झाला.

टँकरची वेळ ठरलेली नसायची. जेवणं झाल्यावर कधीतरी येईल, एवढंच कळलेलं. गाठायचा तर आधीपासून हंडे, कळश्या, बादल्या रांगेत लावून तिथंच बसायला हवं. बसायला सावली एकच होती, आमच्या गल्लीच्या तोंडाशी उठत असलेल्या इमारतीची. त्या भागातली ती पहिली चार मजली इमारत. वरचे मजले अजून उघडे, पण खालचा गाड्या लावायचा मजला स्लॅबखाली अंधारा आणि गार असायचा. तिथं एक ताडपत्री टाकून आम्ही बसायचो.

पत्ते आणले कुसुमकाकूंनी. त्या कन्नडकडच्या, मोठ्या शेतीवाड्याच्या घरातल्या. मुलाच्या नोकरीमुळं शहरात आलेल्या. माहेरी दिवाळीत सगळं घर मेंढीकोट खेळायचं म्हणे. त्यांच्या कॅटमधली किलवरची सत्ती हरवलेली होती, तिच्या जागी जोकर होता. त्या, मी आणि नसीमआपा अशा तिघी झालो. नसीमआपांचं सासर-माहेर दोन्ही गुलमंडीच्या मागच्या गल्ल्यांतलं; घर अपुरं पडायला लागलं म्हणून त्या इकडं बाहेर आलेल्या. चौथी पाहिजे होती, कारण मेंढीकोटाला चार लागतात. समोरासमोर बसलेल्या दोघी एकमेकींच्या भिडू.

चौथी तिथंच होती. इमारतीच्या वॉचमनची बायको, यमुना. तिचं काम स्लॅबला आणि भिंतींना पाणी मारायचं. नव्या सिमेंटला रोज पाणी पाजावं लागतं, नाहीतर ते तडकतं. बांधकामासाठी बिल्डरचा वेगळा टँकर यायचा, आणि तो मात्र वेळेवर यायचा. आम्ही रिकामे हंडे घेऊन खाली बसलेलो आणि यमुना पाइप घेऊन भिंती न्हाऊ घालतेय, असं रोज चालायचं. एकदा कुसुमकाकू म्हणाल्या, "अगं, दोन हंडे दे की आम्हाला त्यातलं."

"देती की काकू," यमुना म्हणाली, "पण हे पाणी तुमी पिऊ नका. जनावर बी तोंड लावत नाय ह्याला." आणि तिनं भांड्यांना म्हणून आम्हाला चार हंडे भरून दिले.

ती धनगराची. पिशोरच्या अलीकडं त्यांची वस्ती. नवरा, धोंडिबा, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेल्या घरातला. पहिल्या दुष्काळात चारा संपला तेव्हा म्हाताऱ्या सासऱ्याकडं कळप ठेवून ही दोघं लहान्या लेकाला घेऊन शहरात आली होती. पाऊस झाला की परत जायचं, असं ठरवून.

"पत्ते येतात का गं तुला?" मी विचारलं.

"मेंढीकोट व्हय? येतंय की. पालात बसून पावसाळाभर दुसरं काय करत हुतो आमी?"

कुसुमकाकूंनी जरा नाक मुरडलं. वॉचमनच्या बायकोशी पत्ते खेळायचे, हे त्यांच्या घरच्या रिवाजात बसत नव्हतं. पण टँकर येत नव्हता आणि दुपार सरत नव्हती. "ये बाई, बस," असं त्या शेवटी म्हणाल्या. यमुना पाइप बंद करून, हात पुसून माझ्यासमोर बसली. तेव्हापासून ती माझी भिडू.

मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणतात. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्यांच्याकडं जास्त मेंढ्या येतील ते जिंकले, आणि चारही आल्या तर कोट. यमुनेला या शब्दाचंच लई हसू यायचं. दश्शी हाती लागली की ती पदर तोंडाला लावायची. हुकमाचा एक्का आला की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पानं वाईट असली की बिचारी खाली बघत ताडपत्रीचे धागे उपटायची. तिला काही म्हणजे काही लपवता यायचं नाही.

"इसका मुँह देखो," नसीमआपा म्हणायच्या, "पूरे पत्ते दिखरे." त्या स्वतः भिंतीसारख्या बसायच्या. अडकित्त्यानं सुपारी कातरत, डोळे अर्धे मिटून. त्यांच्या हातात चारी एक्के असले तरी कळायचं नाही. आणि कुसुमकाकू आपण अगदी शांत आहोत असं दाखवायला ओव्या गुणगुणायच्या. त्या गुणगुणल्या की पानं भारी आहेत हे आम्ही ओळखायचो. हे त्यांना कधीच कुणी सांगितलं नाही.

यमुना आणि मी हरायचो. रोज हरायचो. पण ते हरणं मनाला लागायचं नाही. मला आठवतं ते हे, की हातातल्या पानांपेक्षा मी तिच्या तोंडाकडंच जास्त बघायची. पत्ते नुसतं निमित्त. तेरा पानांच्या पंख्यावरून समोरच्या माणसाचे फक्त डोळे आणि कपाळ दिसतं, आणि त्या एवढ्याशा जागेत एक माणूस जितका वाचता येतो तितका पुढं वर्षानुवर्षं शेजारी राहूनही दुसरा कुणी वाचता आला नाही मला.

डाव रंगात आला की हमखास टँकर यायचा. पानं तशीच टाकून आम्ही पळायचो. तोटीपाशी ढकलाढकली, हंड्यावर हंडा, कुणाचा पाय, कुणाची कोपरं. यमुना पातळ खोचून आधी माझे हंडे भरायची, मग काकूंचे. काकूंनी एकदा तिला विचारलं, "तू का गं आमच्यासाठी धडपडतेस? तुला तर मिळतंय तिथं." ती म्हणाली, "तुमी घरी गेल्या की खेळ मोडतुया. लवकर भरलं तर अजून एक डाव हुईल." दुसऱ्या दिवसापासून काकू तिच्यासाठी घरून ताक आणायला लागल्या.

वैशाखातला तो दिवस. यमुना आली आणि बसली. मी पानं वाटली. तिनं उचलली, लावली. मी सवयीनं तिच्याकडं बघितलं आणि मला काहीच दिसलं नाही. ओठ मिटलेले, कान नेहमीसारखे, हात ताडपत्रीकडं जात नव्हता. नसीमआपांनी डोळे पूर्ण उघडून तिच्याकडं पाहिलं. त्या दिवशी आम्हाला तिची पानं कळेनात. ती संथपणे एकेक पान टाकत गेली, हुकूम राखून खेळली, आणि पहिली मेंढी आमच्याकडं आली. मग दुसरी. मग काकूंची बदामाची दश्शी तिनं हुकमानं मारली. शेवटच्या हाताला चौथी आली. कोट झाला. आमच्या दोघींचा पहिला कोट.

मी टाळी दिली तर तिचा हात वर आला नाही. तिनं चारी दश्श्या वेगळ्या काढल्या, एका ओळीत मांडल्या आणि त्यांच्याकडं बघत म्हणाली, "चारी आल्या. ह्या तरी आल्या."

आणि मग ती रडायला लागली. तोंडातून आवाज नाही, नुसतं पाणी वाहत होतं.

काल पिशोरच्या बाजारात कळप विकला होता. सासऱ्याला मेंढरांना पाजायला पाणी मिळेना, चारा तर नव्हताच. धोंडिबा जाऊन विकून आला. घेणारा खाटीक होता, हे त्यानं सांगितलं नाही, पण तिला माहीत होतं. तिच्या हातानं जगवलेल्या कितीतरी मेंढ्या त्यात होत्या. आई मेल्यावर शेळीच्या दुधाच्या बोळ्यानं वाढवलेली एक होती, ती हिच्या मागं मागं चुलीपर्यंत यायची.

कुसुमकाकू सरकून तिच्याजवळ बसल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. नसीमआपा म्हणाल्या, "रो ले बेटा. इत्ता सबर अच्छा नहीं." वरच्या मजल्यावरून पाणी मारलेल्या भिंतीचे थेंब खाली गळत होते. आता परत जायला काही उरलं नव्हतं. हे तिला कळलं होतं आणि म्हणून तिचं तोंड तसं झालं होतं. बातमी तिनं मागाहून सांगितली. पण काहीतरी मोडलंय हे आम्हा तिघींना पानं उचलल्याबरोबर कळलं होतं.

पाऊस पडला, पुढच्या वर्षीही पडला. इमारत पूर्ण झाली, तिला पिवळा रंग दिला गेला आणि खालच्या मजल्यावर गाड्या लागल्या. इमारत पूर्ण झाली की वॉचमनला दुसरं बांधकाम बघावं लागतं. यमुनेचं बिऱ्हाड देवळाईकडं गेलं, मग चिकलठाण्याकडं. शहर जिकडं वाढेल तिकडं ते दोघं पुढं पुढं सरकत गेले, पूर्वी चाऱ्यामागं सरकायचे तसे. ती अधूनमधून यायची. मग लेक चाकणला कंपनीत लागला, धोंडिबा एका हिवाळ्यात वारला, आणि लेकानं तिला तिकडं नेलं. आमच्या भोवतीची ज्वारीची रानं गेली. नळ आला. कुसुमकाकू नाशिकला धाकट्या मुलाकडं गेल्या. गावाचं नाव बदललं. नसीमआपा अजून जुनं म्हणतात, मी कधी जुनं म्हणते कधी नवं.

फोनवरचे पत्ते आणले नसीमआपांनी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, महिनाभर अंथरुणात, तेव्हा सुनेनं त्यांना तो खेळ लावून दिला. त्यांनी मला त्यात ओढलं, मग आम्ही काकूंना शोधलं. आणि पुन्हा तेच: चौथी पाहिजे. माझ्याकडं यमुनेच्या लेकाचा नंबर होता.

"काकू, आईला विचारून सांगतो," तो म्हणाला. थोड्या दिवसांनी फोन आला. "खेळेल म्हणते आई. तिचं नाव टाकून दिलंय मी. पण ते बोलायचं बटण तिला जमत नाही हां. नुसतं खेळेल."

त्या खेळात हिरवं गोल टेबल दिसतं. चार बाजूंना चार गोल चित्रं. मला वाघ मिळाला होता, काकूंना गुलाबाचं फूल. यमुनेच्या नावावर गॉगल घातलेला मिशीवाला माणूस होता, तो बदलायचा कसा हे कुणालाच कळलं नाही. टेबलावर पानं आपोआप वाटली जातात. पिसायचा आवाज येतो, पण तो आवाज दर वेळी तसाच असतो. चुकीचं पान टाकताच येत नाही. कुणी कुणाच्या पानांत डोकावत नाही, कुणी ओव्या गुणगुणत नाही. आम्ही तिघी माइक लावून बोलायचो. यमुनेच्या चित्रापाशी माइकवर कायम काट मारलेली असायची. कधी डाव जिंकलो तर तिच्याकडून तयार चित्रांतलं एक चित्र यायचं, हसून लोळणारा पिवळा गोळा. बस.

आणि ती जिंकायला लागली. आम्ही दोघी जिंकायला लागलो. "अब इसका मुँह नहीं दिखता ना," नसीमआपा म्हणाल्या, "इसलिए." ते खरंच होतं. इतकी वर्षं तिचे पत्ते तिच्या कानांनी, तिच्या पदरानं फोडले होते. आता ती इतरांसारखीच झाली होती. मला आनंद व्हायचा आणि डाव संपला की उगाच रुखरुख लागायची. समोर भिडू आहे, पण तिच्या जागी मिशीवाला. ती आता म्हातारी झाली असेल, केस पिकले असतील, दात पडले असतील. मला काही माहीत नव्हतं. एकदोनदा मी व्हिडिओ कॉल लावला. उचलला गेला नाही. लेक म्हणायचा, आई झोपलीय, आई देवळात गेलीय. आणि चार वाजता, खेळाच्या वेळेला, तिचा हिरवा ठिपका लागायचा.

गेल्या वर्षी भाच्याच्या लग्नाला पुण्याकडं जायचं झालं. मी यमुनेच्या लेकाला फोन केला, की येताना भेटून जाते. तो म्हणाला, "या ना काकू. या. पण..." आणि थांबला. मग पत्ता सांगितला.

शिक्रापूरला उतरून चाकणची गाडी धरली. दोन्ही बाजूंनी तेच, उघडे मजले, गोणपाट बांधलेले खांब, पाणी मारणाऱ्या बायका. पिशवीत गुलमंडीतून घेतलेला नवा कॅट होता. जिना चढून गेले. सुनेनं दार उघडलं, भली पोर, डोळ्यांत भीती. "आई आत आहेत," म्हणाली.

यमुना खिडकीशी खाटेवर होती. उजवी बाजू गेलेली. ओठ एका बाजूला ओढला गेलेला, एक डोळा अर्धा मिटलेला, गालाचं सगळं मांस खाली उतरलेलं. मांडीवर उशी, उशीला टेकवलेला फोन, आणि डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलत होता. मला बघितलं आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

झटका येऊन दोन वर्षं झाली होती, सून म्हणाली. बोलणंही तेव्हाच गेलं. म्हणजे आमच्या टेबलावर ती आली ती अशीच आलेली. एवढे महिने आम्ही रोज समोरासमोर बसत होतो आणि तिघींपैकी एकीलाही पत्ता नव्हता.

मी तिच्याजवळ बसले. हात हातात घेतला. कळश्या उचलून उचलून घट्टे पडलेला तो हात आता मऊ, लोण्यासारखा झाला होता. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतून कॅट काढला. "दोघीच खेळू," म्हटलं. पानं वाटली. तिला एका हातात धरता येईनात, पंखा उलगडेना, पानं उशीवर सांडली, काही खाली गेली. सुनेनं परातीत तांदूळ आणले आणि त्यात तिची पानं उभी खोचून दिली. पण त्या पानांकडं यमुना बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मी तिच्या तोंडात काय शोधतेय ते ती बघत होती. तिला माझी पानं दिसत नव्हती, पण माझं सगळं तोंड दिसत होतं, आणि त्यावर काय होतं ते मला लपवता आलं नाही. तिच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. मग वाईट डोळ्यातूनही आलं.

आम्ही तो डाव पुरा केला नाही. मी जेवले, चहा घेतला, सुनेनं माझी ओटी भरली. निघताना यमुनेनं माझा पदर धरला आणि काहीतरी बोलली. घशातून निघालेले मोकळे आवाज, त्यातला एकही शब्द मला लागला नाही. मी सुनेकडं पाहिलं. ती खाली बघत होती.

"सांग गं," मी म्हटलं.

"त्या म्हणतायत," ती म्हणाली, "ताई, आता येऊ नका. फोनवर या. तिथं मी धड हाय."

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला वाटायचं, फोनवरचा खेळ म्हणजे अर्धा खेळ. माणूस दिसत नाही, वास येत नाही, टाळी देता येत नाही. मी ते चारचौघींत बोललेही होते. आणि इथं एक बाई होती, जिला त्या हिरव्या टेबलाशिवाय दुसरीकडं कुठंच कुणी पूर्वीसारखं बघत नव्हतं. तिथं तिचा हात चालत होता, तिथं ती जिंकत होती, आणि आम्ही तिघी तिची कीव करत नव्हतो. तिनं न दिसण्यातच आपलं तोंड जपून ठेवलं होतं. ते मी जाऊन बघून आले होते.

नसीमआपांना आणि काकूंना मी इतकंच सांगितलं, की बरी आहे. दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन उघडला. हिरवा ठिपका होता. मिशीवाल्यानं पिवळा गोळा पाठवला. मी एक पाठवला. डाव सुरू झाला.

त्यानंतर आम्ही रोज खेळलो. मी व्हिडिओ कॉल पुन्हा कधी लावला नाही. माइकवर मी एकटीच तिच्याशी बोलायची, इकडचं तिकडचं. आज डोंगरावर वणवा दिसतोय. आज नळ आला नाही. तुमच्या त्या पिवळ्या इमारतीला आता तडे गेलेत, रंग काढायला लोक आलेत. ती ऐकत असणार. कधी कधी पान टाकायला तिला उशीर लागायचा, चित्राभोवतीची पांढरी कड सरकत सरकत संपत यायची, आणि अगदी शेवटच्या क्षणाला पान पडायचं. नसीमआपा म्हणायच्या, "सोच रही है, चालू औरत." मी गप्प बसायची. मला माहीत होतं, अंगठा उचलायला वेळ लागत असेल.

या फाल्गुनात एका दुपारी डाव चालू होता. होळीच्या आसपासची गोष्ट. काकू नाशिकच्या उन्हाच्या तक्रारी सांगत होत्या. आम्ही दोघी पुढं होतो. मध्येच यमुनेच्या चित्राभोवतीची कड संपली आणि पान पडलं. पुढच्या हातालाही तसंच. मग तिची पानं एकदम झरझर पडायला लागली, उतारी झाली न झाली की तिचं पान हजर. काकू म्हणाल्या, "आज यमुनेला घाई दिसतेय." नसीमआपांना तो खेळ आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या म्हणाल्या, "वो नहीं है जी. नेट गया उसका. कोई उठ गया तो मशीन खेलती उसके नाम से." मिशीवाल्याच्या कोपऱ्यात एक बारीक खूण आली होती, ती मी तोवर कधी पाहिलेली नव्हती.

"येईल परत," मी म्हटलं, "चालू द्या."

आम्ही चालू दिलं. यंत्र चांगलं खेळत होतं. डाव आम्ही जिंकलो. पडद्यावर आमच्या दोघींच्या चित्रांवर रंगीत कागद उधळले गेले, तुतारीसारखा आवाज आला. मी तिच्या पिवळ्या गोळ्याची वाट बघत थोडा वेळ बसले आणि मग दळण टाकायला निघून गेले.

दिवेलागणीला लेकाचा फोन आला. दुसरा झटका होता. सून स्वयंपाकघरात होती, तिला काही ऐकू आलं नाही. येऊन बघते तर आई उशीवर कलंडलेली. दवाखान्यात नेलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. "फोनवर तुमचा डाव चालूच होता म्हणे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नुसतं सांगत होता.

ताडपत्रीवर असतो तर तिच्या हातातली पानं सांडली असती. तिघी एकदम उठलो असतो, कुणी पाणी मारलं असतं तोंडावर, कुणी रस्त्यावर धावलं असतं. ती वाचली असती असं मी म्हणत नाही. पण तिचं डोकं कुणाच्या तरी मांडीवर असतं. हे मी नसीमआपांना म्हटलं, आणि चाकणला मी काय बघितलं, निघताना ती काय म्हणाली, तेही तेव्हाच सांगितलं. त्या म्हणाल्या, "उसने बोली थी ना, मत आओ. तू फिर गई नहीं, अच्छा की." तेही मला पटतं. दोन्ही एकदम पटतं आणि एकानं दुसरं खोडलं जात नाही.

आम्ही तिघींनी तो खेळ उघडलेला नाही. डोळे मिटून पडले की मी तो शेवटचा डाव मनात पहिल्यापासून लावून बघते. हुकूम इस्पिकचा होता. चौकटचा राजा तिनं उशिरा टाकला, तो तिचाच, कारण तेव्हा कड अजून जराशी उरली होती. त्यानंतर किलवरचा गुलाम. तोही तिचाच असावा. मग कड संपली त्याच क्षणाला बदामाची राणी पडली, आणि तिथं येऊन मी दर वेळी अडते. ती राणी तिनं टाकली होती की नाही, ते मला सांगता येत नाही.